उमरीच्या ओढण्या

शबाना,

तू हैदराबादला स्वतःचं दुकान टाकलंस, तेव्हापासून नांदेडच्या या बुटीकमध्ये माझं मन लागेना. नवख्या पोरींची कामं मांडायची, गिऱ्हाइकांनी हात लावून पाहायचं आणि ऑनलाइन दुसरंच मागवायचं. थकले गं. आज दुकान कायमचं बंद करायचं पक्कं केलं होतं.

तेवढ्यात उमरीची एक पोरगी हातानं रंगवलेल्या ओढण्या घेऊन आली.

"नवीन माल घेत नाही, बाई," मी म्हटलं.

"शबानाआपांनी धाडलंय. आपा म्हनल्या, 'माझा कशिदा पहिल्यांदा ऋतुजाताईंनीच दुकानाच्या काचेत लावला.'"

मी समोरची काच पुसली अन् ओढण्या लावल्या.

हे पत्र तुला पाठवणार नाही. मी त्या ठेवून घेतल्या हे कळलं, तर आणखी पोरी धाडशील.

तुझी दमलेली,
ऋतुजाताई