हात धुवायच्या आधी

आत्याबाई, गेल्या पितरपाटात तुम्ही जेवायला यायचं विसरलात. मी पान वाढून छपरावर ठेवलं, काव काव करून घसा बसवला, आणि तुमचा कावळा समोरच्या विजेच्या खांबावरून एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिला. खाली काही उतरला नाही. शेवटी पान शेजारच्या गाईपुढं ठेवलं, तिनं चाटूनपुसून खाल्लं. मी म्हटलं, जाऊ द्या, माझ्या सासूचं हे जुनंच आहे. मिसरीची डबी मुठीत धरून अख्ख्या घराला ती शोधायला लावणारी, म्हशीला माझ्या नावानं आणि मला म्हशीच्या नावानं हाक मारणारी बाई, ती मेल्यावर तिथी कशी ध्यानात ठेवणार? म्हणून आज लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे बोलते आहे. अक्षर मला सासरीही आलं नाही आणि आता येईल असं दिसत नाही. लिहिते ती माझी नातसून, चांदे गावची पोर. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. लिहू दे, पेन तिच्या हातात आहे.

आता तुम्हाला हे घर ओळखू यायचं नाही. म्हशींच्या गोठ्याच्या जागी दोन खोल्या झाल्यात, पांढऱ्या चादरींच्या, खिडकीतून धरणाचं पाणी दिसणाऱ्या. लोक पैसे देऊन तिथं राहतात आणि आपल्या चुलीवरचं जेवतात. माझा लेक नोकरीच्या गावाला गेला, नातू आणि नातसून मारुंजीला भाड्याच्या खोलीत राहायचे, रविवारी तोंड दाखवून जायचे. बाकीचे दिवस मी आणि भिंती. मग पोरीनं तिथली नोकरी सोडली, नातवाला घेऊन हितं आली आणि हा उद्योग मांडला. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला, आत्याबाई. खोल्या चालल्या तर तो आवाज राहणार, नाही तर दोघं परत मारुंजीला आणि मी परत भिंतींशी बोलायला.

पाहुणे येतात ते मोबाईलातल्या एका कंपनीमार्फत. घरी परत गेले की ते आपल्याला स्टार देतात. मी त्याला चांदण्या म्हणते. पाचांतल्या पाच दिल्या तर ठीक, चार दिल्या तर ती कंपनी तोंड वाकडं करते. मला हे काही पटत नाही. पाचांत चार म्हणजे चांगलंच की! एकानं चांदणी कापली, का, तर पाऊस फार होता. मुळशीत येऊन पाऊस फार म्हणतो! दुसरीनं लिहिलं, रात्रभर बेडूक ओरडतात. आता बेडकांना मी काय उठून सांगू का, पाव्हण्या निजल्यात म्हणून? एक गोष्ट मात्र मला आवडली. आपणही पाहुण्यांना चांदण्या द्यायच्या असतात. त्यांनी त्यांचं लिहून झाकायचं, आपण आपलं लिहून झाकायचं, दोघांचं झालं की मग उघडायचं. म्हणजे डूख धरून कोणी लिहू नये. हे ज्यानं शोधलं त्याच्या घरात एखादी तुमच्यासारखी सासू असणार.

तुमचा धाकटा भाऊ आठवतो? मी नवी सून, चुलीशी बसलेली. तो जेवला, ढेकर दिला, ‘झ्याक’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पौडाच्या बाजारात चारचौघांत बोलला की ताईच्या सुनेच्या आमटीत डाळ कमी आन धरणाचं पाणी जास्त. तुमच्या कानावर आलं. तुम्ही त्याला पुन्हा जेवायला बोलावलंत. तो पोटभर जेवतो, हात पुढं करतो, आणि तुम्ही पडवीच्या कडेला तांब्या घेऊन उभ्या. तांब्या वाकडा करता, पण पाणी काही पडत नाही.

‘‘काय राहिलं का जेवणात?’’

‘‘न्हाई गं ताई. झ्याक हाय.’’

‘‘मग बाजारात काय बोलला? आरं, ताटावर बसून सांगितलं असतं तर पोरीनं डाळ घोटून वाढली असती. हात धुतल्यावर आमटी कशी सुधारायची? माझ्या घरात खोट काढायची ती हात धुवायच्या आधी. मागनं न्हाई.’’

त्याच्या बोटांवरचा भात वाळून खडखडीत झाला तरी तुम्ही पाणी घातलं नाहीत. शेवटी तो म्हणाला, ‘‘व्हय बाई, पातळ हुती,’’ तेव्हा कुठं धार सोडलीत. मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होते. तेवढ्यात तुम्ही आत आलात आणि माझ्यावरच डोळे वटारलेत. ‘‘तू नगं दात काढू. खोटं न्हाई बोलला त्यो. पातळच हुती. पर चुकीच्या जागी बोलला.’’ तेव्हापासून या घरात पाहुणा जेवला की तांब्या घेऊन उभं राहायचं आणि विचारायचं, हीच रीत. खोल्या झाल्या, भिंतीला नळ आला, टॉवेल आले, आणि तांब्या फळीवर गेला. पाहुणे आपले आपण हात धुवायला लागले.

मग ती भूगावची बाई आली, नवऱ्याला घेऊन. दोन वेळा जेवली. ‘‘आजी, काय हाताला चव आहे हो!’’ म्हणाली, गळ्यात हात टाकून फोटो काढला. आमच्या पोरीनं तिला पाचही चांदण्या दिल्या. मग झाकलेलं उघडलं, तर तिच्या तीन. खाली लिहिलेलं, जेवण खारट, आजींना तोंडावर सांगवेना. आधीच पावसानं आणि बेडकांनी चांदण्या खाल्लेल्या, त्यात ही. कंपनीचा निरोप आला की असंच चाललं तर खोल्या यादीतून काढू. नातू तोच निरोप पुन्हा पुन्हा वाचत बसला. मी मात्र पेटले. आपल्या चांदण्या परत घे म्हटलं, तर पोर म्हणाली, घेता येत नाहीत, फक्त खाली उत्तर लिहिता येतं.

‘‘मग लिही! टावेलाला हळदीचं हात पुसलं म्हनावं. गळ्यात पडून फोटू काढला आन घरी जाऊन गळा कापला म्हनावं. लिही की, बघतीस काय?’’

पोरीचं बोट काही हलेना. नातू उठून अंगणात गेला. तो असा पळाला की काहीतरी शिजतंय हे मला कळतं.

‘‘आजी,’’ ती म्हणाली, ‘‘रागावू नका. खारटच होतं ओ.’’

‘‘त्या दिवशी?’’

‘‘गणपतीपासनं. रोज.’’

मग सगळं बाहेर आलं. नातवाला एकाएकी दही का आवडायला लागलं ते. मी पाठ फिरवली की आमटीत बटाट्याच्या फोडी कुठून येत होत्या ते. माझ्या जिभेला मीठ लागेनासं झालंय आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, ‘‘म्हंजी तुमी समदी हात धुऊन बसलाव की!’’ पोर रडकुंडीला आली, पण खाली बघितलं नाही तिनं. सगळ्या घरात माझ्या तोंडावर बोलली ती एकटी, तीही त्या परक्या बाईनं तोंड उघडल्यावर. संध्याकाळपर्यंत मी चुलीशी बसून विचार करत होते, भूगावची बाई चुकीच्या जागी बोलली खरी. पण योग्य जागी बसलेली माझी माणसं तर बोललीच नव्हती. मग न्याय कोणाला लावायचा? मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर कळवा.

उत्तर पोरीनंच लिहिलं. मला वाचून दाखवलं. मीठ जास्त होतं, तुमचं खरं आहे, आता चाखूनच वाढतो, पुन्हा या आणि या वेळी जेवताना सांगा. रडगाणं नाही, उलटी शिवी नाही. आत्याबाई, मला ऐकताना असं वाटलं की तुम्हीच पडवीत उभ्या आहात. तुमच्या पोटची नाही, माझ्या पोटची नाही, चांद्याहून आलेली पोर, आणि ताठ तुमच्यासारखी. मी तिला तोंडावर काही म्हटलं नाही, फार शेफारेल. आता लिहिताना तिला ऐकावंच लागतंय. लिही गं, गाळू नको.

दुसऱ्या दिवशी फळीवरचा तांब्या चिंचेनं घासला. आता स्वयंपाक माझा आणि मीठ तिचं. आणि जेवणं झाली की पडवीच्या कडेला मी. परवा हिंजवडीतली चार पोरं आली होती, हात पुढं करून उभी.

‘‘आजी, पाणी घाला ना.’’

‘‘आधी खोट काढ.’’

‘‘काहीच नाही आजी, सगळं मस्त!’’

‘‘मग उबा ऱ्हा. भात वाळंस्तवर मला सवड हाय.’’

हसता हसता एक म्हणाला, उशी दगडासारखी आहे. दुसरा म्हणाला, मोरीची कडी लागत नाही. तिसरा म्हणाला, ठेचा तिखट आहे. त्याला मी सांगितलं, ते बदलणार नाही, तू बदल. नातवानं कडी त्याच संध्याकाळी ठोकली. अशानं चांदण्या परत यायला लागल्या आहेत, कंपनीनं आपला निरोप मागं घेतला, खोल्या यादीत आहेत आणि दोघं हितंच आहेत. पाचांत चार म्हणजे नापास, हे मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

आता पोर विचारतेय, आजी, हे पत्र टाकायचं कुठं? कुठं टाकणार, ठेव त्या तांब्याखाली. पण ठेवायच्या आधी एक ओळ अजून घाल. आत्याबाई, गणपतीपासनं खारट होतं म्हणजे पितरपाटाचं पानही खारटच असणार. तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही रीतीप्रमाणं, जेवायच्याही आधी सांगून मोकळ्या झालात, आणि मी तुम्हालाच विसरभोळी म्हटलं. गाईचं काय, तिला मीठ आवडतंच.

बास, पुरे झालं. आणि हे बघ पोरी, त्या भूगावच्या बाईला काहीतरी धाडलं पाहिजे. लोणचं नको, पापड नको. आपले नवे तांदूळ धाड, त्यात मीठ नसतं.