नीरा मोटर वर्क्सचा इतिहास

इंदापूर,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. माझं अक्षर ओळखूनही तू पाकीट उघडलं असशील, तर माझी अर्धी भीती इथेच संपली. वहिनींना जय भीम सांग. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माझी साखर थोडी वाढली आहे, गोळ्या चालू आहेत.

फोन केला तर तू उचलणार नाहीस, म्हणून हे पत्र बानूबाईच्या हाती पाठवते. ती माझी शेजारीण, तिची लेक डाळजला दिली आहे. उद्या जाते, शनिवारी सकाळी परत निघते. म्हणजे उत्तर द्यायचं झालं तर तुझ्याकडे दोन दिवस आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण तू शेवटपर्यंत वाचशील याची खात्री नाही.

निवृत्त झाल्यावर मला काय वेड लागलं ते ऐक. माझी नात श्रेया बारामतीला इंजिनिअरिंग शिकते. इंटरनेटवरच्या एका हौशी मंडळात ती आहे. तिथे जगभरचे लोक कधीच नसलेल्या मोटारी तयार करतात. इंजिन, गिअर, वजन, सगळं संगणकात भरायचं, मग गाडी ताशी किती पळेल ते तो सांगतो. त्यांच्या स्पर्धा असतात. यंदाचा विषय होता १९८३ सालची वेगवान मोटार. त्या सालानंतर निघालेली एकही वस्तू गाडीत चालणार नाही, ही अट. आणि गाडीबरोबर तिच्या कंपनीचा इतिहास लिहून द्यायचा. कंपनी कुणी काढली, कशी चालली, का बंद पडली.

श्रेया म्हणाली, "आजी, इतिहास तू लिही. तू बोलायला लागलीस की माइकवाला जेवून येतो."

मी चार पानं लिहिली. ज्याच्या आजोबांना वेशीतून ताठ मानेने चालता आलं नाही, त्या नातवाने वेग मागितला तर ती चैन नव्हे, तो त्याचा हक्क आहे, असं बरंच काही. श्रेयाने इंग्रजी करून पाठवलं. पोलंडचा एक परीक्षक आहे. त्याने कळवलं, "इतिहास फार आवडला. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कुठे लिहिलंय?" श्रेया दोन दिवस हसत होती.

मी हसले नाही. अंतर माझ्याकडे होतं, ९४ इंच.

दादा, तुझ्या गाडीचा नकाशा माझ्याकडे आहे. कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला. आई गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, लुगड्यांच्या खाली, चार घड्या घातलेला. तो तुझा होता, तुला द्यायला हवा होता. त्या दिवशी तू अंगणात दहा पावलांवर उभा होतास. मी पेटीचं झाकण लावलं. त्याला अकरा वर्षं झाली.

तीच गाडी मी स्पर्धेत दिली आहे. 'नीरा', दोन आसनांची, नांगराच्या फाळासारखं नाक, इंजिन पाठीमागे. कंपनीचं नाव नीरा मोटर वर्क्स, मुक्काम इंदापूर. एकाहत्तर गाड्यांमधून ती शेवटच्या बारांत आली आहे. ब्राझीलच्या एका माणसाने लिहिलं, हे ज्याने काढलं त्याच्या हाताला पत्र्याची ओळख आहे. ते वाक्य मी श्रेयाकडून तीनदा वाचून घेतलं.

रविवारी दुपारी बारापर्यंत शेवटचा अर्ज भरायचा आहे. त्यात दोन गोष्टी अडल्या आहेत. नकाशात दारामागून निघून मागच्या जाळीपर्यंत दोन तुटक रेघा आहेत. परीक्षक विचारतात त्या कशाच्या. मला सांगता येत नाही. डावं दार उजव्यापेक्षा चार बोटं जास्त रुंद का, हेही विचारलंय. ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रचनाकाराच्या नावाचा रकाना. तिथे आज माझं नाव आहे. आठ दिवस तो रकाना उघडते आणि तसाच बंद करते. तू हो म्हणालास तर तिथे तुझं नाव लिहीन. नाही म्हणालास किंवा उत्तरच आलं नाही, तर गाडी माघारी घेईन. माझ्या नावावर ती राहणार नाही.

इतिहासाची मराठी प्रत सोबत जोडली आहे. कंपनी भांडवलाअभावी बंद पडली असं शेवटी लिहिलंय. काहीतरी लिहावं लागतं.

आता पुढचं. तीन कागद फाडले, हा चौथा.

१४ एप्रिल १९८३. मी वीस वर्षांची. मुलींच्या वसतिगृहावर बोलणार होते, महिनाभर तयारी केली होती. माझ्या आधीच्या वक्त्याने तोच विषय घेतला आणि माझ्यापेक्षा चांगला मांडला. माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्याजवळ एक वाक्य शिल्लक नव्हतं. समोर दुसऱ्या रांगेत तू बसला होतास, बारामतीच्या वर्कशॉपातून थेट आलेला, बाह्यांना ग्रीस. आणि मी म्हणाले, "वस्तीतल्या पोरी कंदिलाखाली शिकतात, आणि माझा सख्खा भाऊ समाजाच्या शेडमध्ये स्वतःच्या चैनीची मोटार बांधतोय."

टाळ्या पडल्या. पडल्या म्हणून मी आणखी बोलले.

आठ दिवसांत पंचांनी शेड रिकामी करायला लावली. तू कुणाशी भांडला नाहीस. गॅस कटर आणलास आणि दुपारभर गाडी कापत बसलास. आई उंबऱ्यावर होती. ती मला एवढंच म्हणाली, "अंजे, त्यात मी बसणार व्हते गं." तिचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून ते दार रुंद होतं.

बेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की ते तत्त्व होतं. घरचा असला तरी सोडलं नाही, म्हणून माझं कौतुकही झालं. दादा, ते तत्त्व नव्हतं. त्या दिवशी मला विषय नव्हता.

यापुढे मला लिहिता येत नाही. एक शब्द लिही, हो की नाही.

तुला म्हणवत असेल तर तुझी बहीण,
अंजली


डाळज,
शुक्रवार

अंजली,

पत्र मिळालं. बानूबाई सकाळधरनं वसरीवर बसून हाय. दोनदा चहा झाला. म्हणती, कागद घेतल्याबिगर हालायची न्हाय.

तुटक रेघा म्हंजी हवंची वाट. इंजन पाठीमागं असलं की तापतं. दारामागनं हवा आत घ्यायची आन मागच्या जाळीतनं वर सोडायची. गुऱ्हाळाची चूल वढती तसं. पोलंडवाल्याला गुऱ्हाळ कसं सांगायचं ते तुझं तू बघ.

चाकातलं अंतर तू ९४ इंच लिवलंस. ९६ हाय. आकडा घडीवर आलाय, पुसला आसंल.

पुढचं ब्रेक कमी पडलं असतं. तवा मला कळलं न्हवतं, ट्रक चालवल्यावर कळलं. पर दुरुस्त करू नगंस. त्र्याऐंशीला तसंच व्हतं.

दार आईसाठी व्हतं ते लिव.

रकान्यात माझं नाव घाल.

पर इतिहासातली शेवटची वळ खोटी हाय. भांडवल कुणी मागितलं व्हतं? समदी गाडी भंगारातनं झाली व्हती. कंपनी का बंद पडली ते मला लिवलंस तसंच तितं लिव, भाषणाच्या तारखेसकट. वाचू दे जगाला. ते जमत नसंल तर गाडी माघारी घे, मला वाईट वाटणार न्हाय. एकदा मोडल्याली हाय.

तुझी वहिनी म्हणती, नकाशा पोस्टानं नगं, फाटंल, अंजलीलाच घिऊन येऊ दे. मी म्हणलो, आधी लिवू दे.

धम्मदीप,
फिटर, नीरा मोटर वर्क्स