ब्रेकला एरंडेल

माण, ता. २४ ऑक्टोबर १९२६

तीर्थरूप हैबतदादांस,

धाकट्या रत्नाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मोटार घेतल्याचं तुमचं पत्र पोचलं. बातमी त्याआधीच पोचली होती; मोटारीच्या किंचाळण्यानं भरे गावची मेंढरं उधळली, ती म्हणे अजून गोळा करताहेत.

तीन वर्षं भाऊबीजेला माहेरी आले नाही. बैलगाडीनं जाऊन येण्यात तीन दिवस मोडतात, आणि म्हैस माझ्यावाचून पान्हा सोडत नाही. यंदा सासूबाई म्हणाल्या, मोटारीनं सकाळी जाऊन सांजच्या धारेला येत असशील तर जा. पण ती दारात नीट उभी राहिली पाहिजे. नाही राहिली तर मोटारीचंही नाव काढायचं नाही आणि माहेराचंही. आईला आता धड दिसत नाही, असं सगुणावहिनींनी लिहिलंय. तिला मी दिसावी, एवढंच.

माझ्या वाट्याचा लोभ मोटारीला देऊन टाकू नये.

रत्ना

---

पौड, ता. ३० ऑक्टोबर

चि. सौ. रत्नास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मोटार थांबत नाही, ही टांगेवाल्यांनी उठवलेली आवई आहे. पाय दाबला की ती थांबते. कुठे, एवढंच आधी सांगता येत नाही. उतारावर हातब्रेक ओढायचा, मागे बसलेल्यानं देवाचं नाव घ्यायचं, झालं.

किंचाळतो तो ब्रेक. पुण्याचा मिस्त्री म्हणाला, किंचाळतोय तोवर काळजी नाही. पण बहिणीच्या सासरी पाहुण्यानं बोंबलत जावं का? आपला गाडीवान कुशाबा म्हणतो, चाक कुरकुरलं तर लोक म्हनत्याल, धन्याच्या घरात वंगणाला त्याल न्हाई. त्याला म्हटलं, कर तुझ्या मनासारखं. सासूबाईंना सांग, मोटार आलेली ऐकूसुद्धा यायची नाही.

लोभाचं काय लिहू? ओवाळणीचं ताट तयार ठेव.

हैबतराव

---

माण, ता. ९ नोव्हेंबर

ती. गं. भा. आईच्या पायी,

हैबतीचा दंडवत. वि. वि. सगुणा हे वाचून दाखवील. मध्येच हसली तर तिला रागाव. मी सुखरूप आहे.

भाऊबीजेला मोटार दारापर्यंत गुपचूप आली आणि तशीच गुपचूप पुढे गेली. कुशाबानं ब्रेकच्या पट्ट्यांना शेरभर एरंडेल पाजलं होतं. हातब्रेकच्या पट्ट्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत आलो, तेव्हा रत्नानं पळता पळता कुंकू लावलं, ते कानाला लागलं. इंजीन बंद करावं हे सुचलं तिसऱ्या फेरीला, तोवर विहीणबाईंच्या गोवऱ्यांच्या ढिगानं मला पोटाशी धरलं होतं. कुणाला खरचटलंही नाही.

चाक वाकलंय, मुक्काम इथेच. रत्नाचं येणं राहिलं. सांजच्या धारेला ती नेहमीसारखी गोठ्यात गेली, ते जास्त लागलं.

तुझा आशीर्वाद पुढच्या चाकांना होताच. मागच्यांनाही असू दे, ब्रेक तिथेच असतो.

हैबती

---

माण, ता. १६ नोव्हेंबर

हैबतराव यांसी,

रत्नाच्या सासूचा, गोजराबाईचा रामराम. वि. वि. बोल माझं, अक्षर तुमच्या मेव्हण्याचं, वाल्मीकचं. कुटं गोड लागलं तर त्यानं घातलंय.

बैलगाडीला मोटार बांधून तुमी दोघं भावंडं पौडाला पोचलात, हे कळलं. पाच दिस मोटारीच्या गोष्टी ऐकून कान किटलं, तवा तुमाला काढलं. रत्नाला संगं का धाडलं, ते ऐका. तीन फेऱ्या तुमी मारल्या, तीन फेऱ्या ती मागं पळाली. ताट पडलं, पदर पडला. मला वाटलं, भावाला ववाळाया पळतीया. ढिगात मोटार अडली, तर हिनं दार उघडलं आन आत जाऊन बसली. गोवऱ्या अंगावर, मोटार मेलेली, तरी उतरंना. मी हाताला धरून उतरीवली, तवा हात लई थंड लागला. तीन सालं मी म्हशीचंच बगत बसले.

म्हस मला लाथा मारती, पर दूध देती. रत्नाला आईजवळ ऱ्हाऊ द्या. लोभ हाय तेवढा हाय. तिला घाई करू नका.

गोजराबाई