अंगणात निघालेले कांदे

अहो,

मी अंबडला माहेरी जाऊन राह्यले. पोळ्या डब्यात आहेत, दिवस बुडायच्या आत जेवून घ्या.

उन्हाळ्यात अंगण खणताना ते कांदे निघाले, तर जैनाच्या घरात सुनेनं चोरून कांदा लावला म्हणून सासूबाईंनी गल्ली गोळा केली. तुम्ही पेपरात डोकं घालून बसले. तेव्हापासून त्या माझ्या हातचं पाणी पीत न्हाईत.

त्यातला एक मी न्हाणीमागं डब्यात लावून ठेवला होता, काय निघतं ते बघायला. काल फुलला. गुलछडी आहे! आधीच्या भाडेकरूनं लावली असेल. फुलाची दांडी खिडकीत ठेवलीय. सासूबाईंना हुंगायला द्या. कांद्याचा वास आला, तर मला न्यायला येऊ नका.

न्हाई आला, तर त्यांनाच पाठवा.

तारा