फळ्यावरचं तुझं नाव

चिमे,

तू नर्सची नोकरी सोडलीस, तेव्हा मी तुला पळपुटी म्हणाले. आता माझं ऐक. ड्युटीच्या फळ्यावरून तुझं नाव मी अजून पुसलेलं नाही. एका नर्समागे आठ खाटा, हा नियम तुला ठाऊकच आहे. तुझ्या नावावर मी महिनाभर आठ खाटा चालू ठेवल्यात. दाराशी माणसं ताटकळतात गं, कुणाकुणाला नाही म्हणू?

काल सहा नंबरच्या आजोबांनी फळा वाचला आणि दुपारभर तुलाच हाका मारल्या. होती ती एकुलती एक नर्स दुसऱ्या टोकाला अडकलेली. मी इन्चार्जच्या केबिनमध्ये काचेआड खाटांची जुळवाजुळव करत बसले, ऐकूच येत नसल्यासारखी. शेवटी उठून गेले, तर चादर ओली आणि सलाईन कधीचं संपलेलं.

त्यांनी तुझं नाव घेऊन विचारलं, "आलीस का बाई?"

मी "हो" म्हणाले.

"असू दे. एकटी किती ठिकाणी पुरशील!"

त्यांनी माफ केलं, तेही तुला.

आज सकाळी तुझं नाव पुसायला फडकं हातात घेतलं होतं. तेवढ्यात दाराशी स्ट्रेचर आलं. फडकं परत ठेवलं.

हे पाठवायचं धाडस नसलेली,
ताई