गोऱ्याचं रान

१० नोव्हेंबर १९७४
आज वाडीवर पोहोचलो. मलकापूरला एस.टी.तून उतरून उसाच्या बैलगाडीने आलो. गाडीवाल्याने एक कांडे खायला दिले. मन प्रसन्न आहे. साताऱ्याच्या कचेरीत जमिनीच्या जुन्या कागदांत अखेर नाव सापडले : टिमथी फॅलन, पलटणीतून निवृत्त, मूळ देश आयर्लंड, वारस अज्ञात. शेताचे नाव ‘गोऱ्याचं रान’. मिरजेच्या बोर्डिंगात कोणीतरी मला सोडले, तेव्हा फॅलन या आडनावाखेरीज माझ्याजवळ काही नव्हते. कुपवाडच्या कारखान्यात ते ऐकून सगळे विचारतात, कुठले तुम्ही? आता सांगता येईल.

११ नोव्हेंबर
रानाच्या कडेला साहेबाची एक खोली अजून उभी आहे. तिथेच उतरलो. रान राखणाऱ्या राहीबाई आणि त्यांचा मुलगा केरबा शेजारी राहतात. साहेबाची बायको रुसून लेकराला घेऊन मिरजेकडे गेली, ती परतलीच नाही. तिची वाट बघत साहेब बांधावरच मेला, असे राहीबाईंनी सांगितले.
दिवेलागणीला राहीबाई बांधावरच्या, साहेबाच्या नावाच्या दगडापुढे भाकरी ठेवतात आणि दगडाला सांगतात, वारस यायलाय, उद्या येईल, तवर गप बस. त्यांच्या सासूबाईही हेच सांगत.
मला भरून आले. पुढे होऊन मोठ्याने म्हणालो, मी पीटर फॅलन, तो वारस मीच.
केरबा तंबाखू मळायचा थांबला. राहीबाईंनी भाकरी परत उचलली. म्हणाल्या, मग आमी सुटलो, दादा.
त्यांना माझ्यासाठी आनंद झाला असावा.

१३ नोव्हेंबर
दगडापुढे कालपासून भाकरी नाही. केरबाला विचारले तर म्हणाला, आता पाव्हणंच जेवू घालतील की. हसला नाही.
संध्याकाळी बांधावर कोणी पाठमोरे बसले होते. केरबा वाटला. वळून पाहिले तर केरबा गोठ्यात म्हशीची धार काढत होता.

१४ नोव्हेंबर
भर दुपारी कालचा तो पाठमोरा माणूस दाराशी बसला होता. आज तोंड माझ्याकडे. डोळे घारे. बोर्डिंगात असे डोळे फक्त माझे होते.
 वाट बघतो.

१५ नोव्हेंबर
सामान घेऊन एस.टी.त बसलो. कंडक्टरने न विचारता दोन तिकिटे फाडली. मी एकटाच आहे म्हटले, तर त्याने शेजारच्या जागेकडे पाहिले.
उतरलो. त्याला कुपवाडच्या खोलीवर कसा नेणार —
राहीबाईंना विनवले, पुन्हा एकदा सांगा, वारस उद्या येईल म्हणून. त्यांनी दार उघडले नाही. आतूनच म्हणाल्या, खोटं कसं बोलू? त्यानं तुमाला बघितलंय. आवं, तुमचं माणूस हाय, तुमीच सांबाळा.

१६ —
दिवेलागण. दगडापाशी जाऊन स्पष्ट म्हणालो, मी तुमचा कोणी नाही. माझी चूक झाली.
 मग राहीबाईंच्याच बोलीत त्याने विचारले, मग कुनाचा रं तू?
 इतकी वर्षे मीही हेच —
तो बांधावर थोडा सरकला आहे. शेजारची माती हाताने झाडतो आहे. माझ्यासाठी जागा —
एवढे लिहून मी