आखूड शिंगांचा मेंढा

मामंजी, आज सकाळी साताऱ्याकडचे दोन धनगर आपल्या माळावर आले आणि बीजाचा मेंढा मागू लागले. त्यांच्या सरदाराला नवा कळप उभा करायचा आहे आणि त्यात म्हणे आपल्याच मेंढ्याचं रक्त हवं. मी त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. ताक दिलं, भाकरी दिली, त्यांच्या गावच्या पावसापाण्याची चौकशी केली, पण मेंढा देणार की नाही ते काही सांगितलं नाही. तुम्ही असंच करायचात आणि मला तुमचा राग यायचा. आता कळतं यात केवढी मजा आहे ते. ते गेले आणि मी कागद-बोरू घेऊन बसले. अक्षरं तुम्हीच गिरवून घेतली होतीत माझ्याकडून, धूळपाटीवर, कारण तुमची नजर अधू होत चालली होती आणि सरदारांच्या कोठीत लोकरीचा दाखला धाडायला घरात कुणीतरी लिहिणारं हवं होतं. आधी तुम्ही तुमच्या चिरंजिवांना बसवून पाहिलंत. ते मेंढ्यांना पाणी दाखवून येतो म्हणून उठले ते संध्याकाळीच उगवले. मग पाळी माझी आली. सून लिहायला शिकते म्हणून भावकी कुजबुजली, तेव्हा कुणाला लिहिता येत असेल त्यानं उद्यापासून यावं, एवढंच तुम्ही म्हणालात. कुणी आलं नाही.

आपला कळप नावालाच आपला, मालक सरदार. पण कोथरुडच्या माळावर त्याला वाढवलं आपण, आणि दसऱ्याला पुण्यात नाव व्हायचं तेही आपलं. सरदारांच्या हत्ती-घोड्यांच्या पुढून मेंढे चालायचे, शिंगांना शेंदरी रंग, अंगावर झुली. मग नदीकाठच्या मैदानावर सगळ्या सरदारांचे कळप उभे राहायचे आणि जाणती माणसं ते पारखायची. तिथली रीत तुम्हीच मला समजावली होतीत. बाप पुढे, पोरं मागे. नुसता एकटा मेंढा कितीही देखणा असला तरी त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या मागे त्याची वर्षाच्या आतली पोरं चालवून दाखवायची, आणि ती सगळी एका उंचीची, एका पाठीची, बापासारखी उतरलेली असतील तर मान त्या कळपाचा. हे तुम्ही चुलीपाशी बसून, भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत सांगितलंत, आणि मी भाकरी थापता थापता ऐकलं. माझा हात थांबला होता, आणि तव्यावरची भाकरी करपली म्हणून तुम्ही मला बोललातही.

पण मामंजी, पोरं काही एकट्या बापाची नसतात. आपल्याकडे मेंढे बघायचे पुरुषांनी आणि मेंढ्या-कोकरं बघायची बायकांनी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मी हडपसरच्या बाजूच्या माहेराहून आले तेव्हा तिथंही तेच होतं. कुठली मेंढी विताना अडते, कुठलीला पान्हा नीट फुटत नाही, कुठली आपल्या कोकराला हुंगून बाजूला होते आणि कुठली दुसरीच्या पोरक्या कोकराला सड देते, हे सगळं आम्हा बायकांना तोंडपाठ. आणि बीजाचा मेंढा निवडायचा दिवस आला की झाडाखाली पागोटी जमायची, आणि आमच्यातल्या एकीलाही कुणी विचारायचं नाही की बाई गं, ह्याची आई कोण. आम्हीही सांगायचो नाही. आम्हाला वाटायचं त्यांना माहीत असेल, त्यांना वाटायचं माहीत असण्यासारखं तिथं काही नाही.

तुमचा मोठा मेंढा आठवतो? आठवणारच. मरताना तुम्हाला पोटच्या पोराआधी त्याची आठवण आली. शिंगं अशी वेढे घेत गेलेली की मान तिरकी करून पाणी प्यायचा. नजर गेल्यावर तुम्ही त्या शिंगांवरून बोटं फिरवत बसायचात आणि तुमचा चेहरा उजळायचा, ते बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्याची पोरं मोठ्या डोक्याची निपजायची. मेंढ्या अडायच्या. दोन चांगल्या मेंढ्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या. जी कोकरं जगायची ती पुढून भरदार आणि मागून बारीक, चालताना मागचे पाय एकमेकांना लागायचे. त्याची आई मला माहीत होती. तिचं पहिलं कोकरू तिनं माळावर टाकून दिलं होतं आणि ते मी घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. ते कोकरू म्हणजेच हा मेंढा. दुसरीच्या दुधावर वाढला.

एक दिवस भावकीतले चारजण तुमच्यापाशी बसलेले असताना मी हे बोलले. म्हटलं, ह्या मेंढ्याला यंदा मेंढ्यांवर सोडू नका. तुम्ही माझ्या दिशेला तोंडही वळवलं नाहीत.

"मेंढ्याचं बाईनं बघायचं नसतं," तुम्ही म्हणालात. "तू आपली कोकरं बघ."

"कोकरं बघूनच सांगतीया, मामंजी."

एवढंच बोलले आणि तिथून उठले. मागे कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत, तेवढं मी तेव्हाही ध्यानात ठेवलं. पण मेंढा सोडलात मोठाच.

त्याच्या पुढच्या दसऱ्याला सरदारांचे कारभारी स्वतः मैदानावर आले होते. उपरण्याची घडी मोडू न देता सावकाश चालत त्यांनी आधी मोठा मेंढा पाहिला, मग मागची पोरं पाहिली, आणि तुमच्याकडे वळून फार अदबीनं बोलले. "मेंढा देखणा आहे हो तुमचा. मागची पोरं मात्र शेजाऱ्यांची दिसतात." सगळं मैदान हसलं. तुम्हाला ती पोरं दिसत नव्हती, पण हसू ऐकू येत होतं, आणि तुमचा हात माझ्या खांद्यावर होता, तो जड झालेला मला कळला. कारभाऱ्यांनी तिथंच सांगितलं की आणखी दोन दसरे बघू, नव्या मेंढ्याची पोरं उभी राहायला तेवढा वेळ लागतोच, पण तेव्हाही असंच झालं तर कळप दुसऱ्या घराकडे जाईल. माणूस बोलायला तिखट, पण हिशेबाला सरळ होता. कळप गेला तर आपल्याकडे उरत होतं काय? माळ सरदारांचा, मेंढ्या सरदारांच्या, आपली फक्त काठी.

उन्हाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. शेवटच्या दिवशी आम्हा दोघांना जवळ बसवलंत आणि म्हणालात, मोठ्यालाच सोडा, ह्या खेपेला उतरतील पोरं नीट. तुमचे चिरंजीव हो म्हणाले. मी काहीच म्हणाले नाही. तुम्ही माझा हात चाचपलात, बहुतेक माझंही हो ऐकायला. मी तुम्हाला पाणी पाजलं.

आषाढात निवडीचा दिवस येतो. झाडाखाली पागोटी जमली आहेत. मेंढे ओळीनं बांधले आहेत, भंडाऱ्याची वाटी मध्ये ठेवली आहे. ज्याच्या कपाळाला भंडारा लागेल तो यंदाचा. थोरल्या घरचे आजोबा म्हणतात, बोलायचं काय त्यात, म्हातारा सांगून गेलाय. तुमचे चिरंजीव वाटी उचलतात आणि उभेच राहतात. मोठा मेंढा मान तिरकी करून त्यांच्याकडे बघतो आहे. मी पदर खोचून पुढे होते आणि वाटी त्यांच्या हातातून घेते. ते देतात, मामंजी. मी ओढून घेतलेली नाही. ओळीच्या टोकाला एक मेंढा उभा आहे, आखूड शिंगांचा, सरळ पाठीचा, पाय चारी कोपऱ्यांत नीट रोवलेला. त्याची आई म्हणजे ती फाटक्या कानाची मेंढी, जी दर खेपेला जुळं देते आणि दोन्ही वाढवते, जिच्या लेकींनाही मी कधी अडलेलं पाहिलं नाही. मी भंडारा त्याच्या कपाळाला लावते.

"याला शिंगं कुठं हाईत, पोरी?" आजोबा विचारतात.

मी म्हणते, शिंगं वाढतील तेवढी वाढतील, आपल्याला चालायला पाय हवेत. मग जो गलका झाला तो झाला. सासऱ्याचा शब्द मोडला, बाईनं भंडारा लावला, आता पाऊस पडेल का बघा. तुमच्या चिरंजिवांनी मोठ्या मेंढ्याचा दोर सोडला, त्याला बाजूच्या कुंपणात नेऊन बांधलं आणि आखूड शिंगांच्या मेंढ्याला मेंढ्यांत सोडलं. पाऊस रीतसर पडला.

पुढचे महिने मला भीती वाटली नाही असं नाही. आपलं चुकलं तर नुसता कळप जाणार नव्हता, मेलेल्याचा शब्द मोडून घर बुडवलं असं नाव जन्मभर माझ्यामागे लागणार होतं. थंडी पडली आणि मेंढ्या व्यायला लागल्या. पहिली कुणाच्या मदतीशिवाय व्याली. दुसरीही. कोकरं पडली की झटकन उभी राहत होती आणि थेट सडाला लागत होती. भावकीतल्या बायका एकेक करून बघायला येऊ लागल्या, एकमेकींकडे बघायच्या आणि मला कोपरानं ढोसायच्या. एरवी घरचे पुरुष कोकरांकडे फिरकत नाहीत, यंदा तुमचे चिरंजीव दिवसातून चारदा येऊन मोजून जात. माणूस मोजत होता आणि हसत होता.

आणि मग मुदतीचा तो दुसरा दसरा. मामंजी, मी तुम्हाला कसं सांगू? पुढे आखूड शिंगांचा मेंढा, मागे त्याची पोरं, काळीभोर, एका सुतात पाठी, पाय असे पडत होते की मैदानावरचे लोक वळून बघू लागले. शेजारच्या कळपाचा एक म्हातारा जागेवरून उठून आला आणि एकेका कोकराच्या पाठीवर तळवा ठेवत गेला, आणि शेवटाला पोचला तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. कारभारी आले. उपरण्याची घडी तशीच. त्यांनी दोनदा फेरी मारली. मागे त्यांच्या माणसाच्या हातात तबक होतं, त्यात मानाचं पागोटं. मला हसू आवरत नव्हतं.

"निवड कुणाची?" त्यांनी विचारलं.

थोरल्या घरचे आजोबा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, म्हाताऱ्याची, सरकार, जाताना सांगून गेला होता. त्यांनी ते तुमच्या प्रेमापोटीच म्हटलं, मला त्यांचा राग नाही. भावकीनं माना डोलावल्या. तेवढ्यात मी बोलले.

"मामंजींनी मोठा सांगितला हुता. ह्यो म्या निवडला."

मग मागून, ज्यांचा आवाज आयुष्यात कुणी चारचौघांत ऐकला नव्हता ते तुमचे चिरंजीव बोलले. "तिचीच हाय निवड," ते म्हणाले. "म्या दोर धरला हुता."

कारभाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं बोललात," ते म्हणाले, "नाहीतर आम्ही मेलेल्या माणसाला पागोटं बांधणार होतो." पुन्हा सगळं मैदान हसलं, पण या खेपेला ते हसू आपलं होतं. बाईच्या डोक्याला पागोटं बांधता येईना, म्हणून त्यांनी ते तबकासकट माझ्या हातात दिलं. लोकांना वाटलं मी ते नवऱ्याला देईन. मी दिलं नाही. छातीशी धरून कोथरुडपर्यंत चालत आले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आले.

हा कागद कोठीत जाणार नाही आणि तुमच्यापर्यंतही पोचायचा नाही, तेव्हा एक लिहून टाकते. तुम्ही असता तर ते पागोटं तुम्हालाच मिळालं असतं आणि आनंद मलाच सगळ्यात जास्त झाला असता, असं मी लोकांना सांगत आले. ते खरं नाही, मामंजी. तुमच्यावर माझी माया होती, आजही आहे, पण ते मला माझ्यासाठी हवं होतं. घरात कुणी नसलं की मी ते डोक्याला बांधून पाहते, आणि मला ते तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं.